हंगामाशी जुळणारी आयटी: एंटरप्राइज आर्किटेक्चरची सुरुवात कुठून करायची

जालना, वाळूज, शेंद्रा किंवा लातूरच्या एखाद्या मध्यम कंपनीत आयटी सांभाळायला लागलात की पहिल्याच महिन्यात मालकांचं एक वाक्य कानावर येतं: "दरवर्षी कॉम्प्युटरवर एवढा खर्च होतो, पण हवी ती माहिती हव्या त्या वेळी मिळत नाही." त्याच आठवड्यात मार्केटिंगवाले नवीन मोबाइल ॲप मागतात, अकाउंट्सवाले जुन्या सॉफ्टवेअरला हात लावू देत नाहीत आणि एखादा व्हेंडर ईआरपीचा, म्हणजे सगळ्या विभागांचं काम एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा, डेमो दाखवून जातो. यातलं आधी काय करायचं, हे ठरवण्याची पद्धत म्हणजे एंटरप्राइज आर्किटेक्चर. नाव भारदस्त असलं तरी शंभर-दोनशे माणसांच्या कंपनीतही ती वापरता येते, आणि वापरायला हवी.

कंपनीला काय साधायचं आहे, त्यासाठी कोणती कामं नीट जमायला हवीत, त्या कामांना कोणती माहिती लागते, ती माहिती कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये राहते आणि ते सॉफ्टवेअर कोणत्या यंत्रांवर, कोणत्या नेटवर्कवर चालतं, हे सगळं एकमेकांना जोडून दाखवणारा आराखडा तयार करायचा. मग खर्चाचा प्रत्येक निर्णय तो आराखडा समोर ठेवून घ्यायचा. यातला दुसरा भाग अवघड आहे. आराखडे काढून ठेवणारे पुष्कळ भेटतात. निर्णयाच्या वेळी तो आराखडा टेबलावर येतो का, हे पाहायचं असतं.

या विषयाची थोडी पार्श्वभूमी माहीत असावी. आयबीएममध्ये काम करणारे जॉन झॅकमन यांनी १९८७ मध्ये कंपनीच्या जर्नलमध्ये माहिती प्रणालींच्या आर्किटेक्चरची एक चौकट मांडली. काय, कसं, कुठे, कोण, केव्हा, का या प्रश्नांवर आज उभी असलेली झॅकमन चौकट तिथूनच वाढली. द ओपन ग्रुप या संस्थेने १९९५ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या कामाच्या आधारावर टोगॅफ नावाची चौकट आणली. तिची दहावी आवृत्ती २०२२ मध्ये आली. टोगॅफ चार थर धरतं: व्यवसाय, डेटा, ॲप्लिकेशन आणि तंत्रज्ञान. आपल्याकडे केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०१८ मध्ये सरकारी कामकाजासाठी इंडिया एंटरप्राइज आर्किटेक्चर नावाची चौकट प्रसिद्ध केली. नवख्या माणसाला सुरुवातीला एवढी माहिती पुरते. चौकटींची जाडजूड पुस्तकं आधी आणि कंपनी नंतर, असा क्रम लावला तर उत्साह पुस्तकातच संपतो.

उदाहरणासाठी जालना परिसरातली एक काल्पनिक बियाणे कंपनी घेऊ. जालन्याला बियाण्याचा धंदा जुना आहे. महिकोची सुरुवात १९६४ मध्ये इथेच झाली आणि नंतर आजूबाजूला अनेक लहान-मोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या. आपली कंपनी सोयाबीन आणि हरभऱ्याचं बियाणं तयार करते, मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत कृषी सेवा केंद्रांमार्फत विकते. टॅली आहे, बऱ्याच एक्सेल शीट आहेत, प्रयोगशाळेत रजिस्टर आहे, आणि कामाचा मोठा भाग व्हॉट्सॲप ग्रुपवर चालतो.

पहिली पायरी: ध्येय मालकांच्या तोंडून काढा

"आपल्याला सगळं डिजिटल करायचंय" हे ध्येय नाही. मालक, कारखान्याचे प्रमुख, विक्री प्रमुख आणि अकाउंट्स प्रमुख यांच्याशी वेगवेगळं, अर्धा-अर्धा तास बसा. सॉफ्टवेअरचं नाव काढू नका. विचारा: मागच्या हंगामात पैसा कुठे अडकला? कोणत्या गोष्टीने झोप उडाली? पुढच्या हंगामात नेमकं काय बदललं तर खर्च वसूल झाला असं म्हणाल?

आपल्या कंपनीत उत्तरं साधारण अशी येतील. हंगाम संपल्यावर डीलरकडून न विकलेला माल परत येतो, तो परतावा फार आहे. उधारी दिवाळीनंतरही फिरत राहते. आणि तिसरी गोष्ट मालक जरा थांबून सांगतात: उगवणीची तक्रार आली की तो लॉट, म्हणजे एका नंबराखाली एकत्र ठेवलेला बियाण्याचा साठा, कुठून आला आणि कुठे कुठे गेला, हे शोधायला दिवस जातात.

ही तिसरी गोष्ट मराठवाड्यात हलकी नाही. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून इथे मोठ्या प्रमाणावर तक्रारी झाल्या आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. साधारण एका एकराला एक तीस किलोची बॅग लागते. ती वाया गेली तर बियाण्याचे पैसे, मजुरी, खत आणि पेरणीची ओल हे सगळंच जातं, आणि कोरडवाहू शेतकऱ्याला दुबार पेरणीसाठी पुन्हा उसनवारी करावी लागते. त्या तक्रारीला वेळेत आणि खरं उत्तर देता येणं हे कंपनीचं कर्तव्य आहे. आपल्या आयटीचं पहिलं काम मी तरी तेच धरतो.

आता ध्येयाला आकडा आणि मुदत लावा. "पुढच्या खरिपापासून, तक्रार आल्यावर एका तासाच्या आत त्या लॉटचा बीजोत्पादक शेतकरी, उगवण चाचणीचा निकाल आणि शिल्लक माल कोणत्या डीलरकडे आहे हे सांगता आलं पाहिजे." असं वाक्य लिहिलं की पुढचा अर्धा रस्ता सोपा होतो. तीनपेक्षा जास्त ध्येयं पहिल्या फेरीत घेऊ नका. मालक यादी वाढवतील. तेव्हा त्यांनाच क्रम लावायला सांगा.

दुसरी पायरी: कंपनीला काय काय जमावं लागतं, त्याचा नकाशा

विभागांचा तक्ता नको, कामांचा हवा. विभाग बदलतात, साहेब बदलतात, काम तेच राहतं. या विषयात अशा कामाला क्षमता म्हणतात. बियाणे कंपनीच्या क्षमता अशा: बीजोत्पादनाचं नियोजन, शेतकऱ्याशी करार, शेताची पाहणी, कच्च्या मालाची आवक, ग्रेडिंग आणि प्रक्रिया, उगवण चाचणी, लॉट पास करणं, पॅकिंग आणि टॅगिंग, साठवण, डिस्पॅच, डीलरची योजना आणि उधारी, परतावा, तक्रार निवारण.

एका मोठ्या कागदावर प्रत्येकाची चौकट काढा. वर ध्येयं लिहा. मग दोन प्रश्न विचारा: ध्येयासाठी ही क्षमता किती महत्त्वाची, आणि आज ती कशी चालते? महत्त्वाची आणि आजारी असेल तिला लाल रंग. एका तासात लॉटचा पत्ता लावायचा तर आवक, चाचणी, टॅगिंग, डिस्पॅच आणि तक्रार निवारण या पाच चौकटी लाल होतील. डीलर योजना कदाचित पिवळी. पगाराची चौकट हिरवी आहे, तिला हात लावायची गरज नाही.

हा कागद मालकांच्या केबिनमध्ये भिंतीवर लावा. पुढे कोणीही नवीन सॉफ्टवेअर मागितलं की तो तिथे उभा राहून कोणत्या चौकटीसाठी मागतोय ते दाखवू शकला पाहिजे.

तिसरी पायरी: एका लॉटच्या मागे चालत जा

ही पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, म्हणून इथे जास्त वेळ घेतो. ऑफिसात बसून काढलेला नकाशा आणि कारखान्यातलं खरं काम यात नेहमी फरक असतो. तो फरक चालल्याशिवाय दिसत नाही.

मागच्या हंगामातला कोणताही एक लॉट निवडा. वही घ्या आणि आवकेच्या काट्यापासून सुरू करा. ट्रॅक्टर आला, वजन झालं, आवक रजिस्टरमध्ये शेतकऱ्याचं नाव, गाव आणि वजन लिहिलं गेलं, पोत्यांवर मार्करने नंबर पडला. तिथून माल ग्रेडिंगला. नमुना प्रयोगशाळेत: शंभराच्या चार खेपा, म्हणजे चारशे दाणे उगवायला ठेवले जातात, सोयाबीनची अंतिम मोजणी आठव्या दिवशी होते, आणि किमान सत्तर टक्के उगवण मिळाली तर लॉट पुढे जातो. मग पॅकिंग, टॅग, गोदाम, ट्रक.

प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट पाहा: लॉटचा नंबर इथे कसा लिहिला आहे? आपल्या उदाहरणातल्या कंपनीत ते असं दिसेल. बॅगेच्या टॅगवर "सो/२४/०११७". प्रयोगशाळेच्या रजिस्टरमध्ये नुसतं "११७", कारण तिथल्या ताईंना वर्ष आणि पीक पानाच्या वर लिहिलेलं पुरतं. कारखान्याच्या एक्सेलमध्ये "सोया११७-२४". आणि टॅलीत "०११७ए", कारण अर्धा माल पुन्हा ग्रेडिंगला गेला तेव्हा अकाउंट्सने त्याला वेगळा बॅच नंबर दिला. चारही माणसं आपापल्या जागी बरोबर आहेत. प्रत्येकाची नोंद त्याच्या कामाला पुरते. पण कॉम्प्युटरच्या दृष्टीने हे चार वेगळे लॉट आहेत, आणि तक्रारीच्या दिवशी त्यांचा ताळमेळ लावायला कारखान्यातला एकच जुना माणूस लागतो. तो रजेवर असला की काम थांबतं.

गोदामात गेलात की तिथल्या मामांशी बोला, आणि घाई करू नका. "मामा, या थप्पीतला कोणता लॉट आधी काढायचा हे कसं ठरवता?" असं विचारलं तर उत्तर मिळेल: "पुढं जे हाय ते आधी निघतंय साहेब. मागचं काढायला सगळी थप्पी उतरावी लागती." या एका वाक्यात परताव्याचं एक कारण सापडलं. चाचणीची तारीख जुनी असलेला माल मागे राहतो, हंगामाच्या शेवटी डीलरकडे जातो, वैधता संपत आलेली पाहून डीलर तो परत पाठवतो. शिवाय सोयाबीनचं टरफल नाजूक. थप्पी उंच लावली, बॅगा आदळल्या, तर उगवण घसरते. हे कोणत्याही सॉफ्टवेअरच्या डेमोत दिसणार नाही. यावरचा उपाय बहुधा थप्पी लावण्याची पद्धत आणि थप्पीवर लावलेला मोठा तारखेचा कागद हाच असेल. आयटीचा खर्च शून्य. आर्किटेक्टने असा उपायही तितक्याच आनंदाने सुचवावा.

चौथी पायरी: आहे ते सगळं मोजा

आता सॉफ्टवेअरची यादी करा. टॅली, हजेरी मशीन हे सगळ्यांना आठवतं. खरी यादी मात्र यापलीकडे असते: विक्री प्रमुखांच्या लॅपटॉपवरची डीलर शीट, परतावा लिहिण्याची डायरी, जिल्हावार व्हॉट्सॲप ग्रुप, नोकरी सोडून गेलेल्या कोणा मुलाने मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये बनवलेला प्रोग्रॅम. ज्याच्यावर काम अवलंबून आहे ते सगळं यादीत आलं पाहिजे, कागदाचं रजिस्टरसुद्धा.

प्रत्येकापुढे लिहा: कोणती क्षमता सांभाळतं, कोणती माहिती ठेवतं, मालकी कोणाची, वर्षाचा खर्च किती, बंद पडलं तर काय अडतं, बॅकअप कुठे आहे. शेवटच्या रकान्यात बरीच शांतता असेल. तिथे थांबून आधी बॅकअप घ्या, आणि तो परत उघडून बघा. आराखडा आठवडाभर उशिरा झाला तरी चालेल.

मग प्रत्येक सॉफ्टवेअरबद्दल एक निर्णय. गार्टनर या सल्लागार कंपनीची चार खान्यांची पद्धत यासाठी सोपी पडते: सांभाळून घ्यायचं, पैसा लावायचा, दुसरीकडे हलवायचं किंवा बंद करायचं. टॅली व्यवस्थित चालतंय, अकाउंट्सना त्याची सवय आहे, ते सांभाळा. नवीन ईआरपीसाठी ते काढून टाकायची घाई मी करणार नाही. ॲक्सेसचा प्रोग्रॅम बंद करायचा, पण त्यातली माहिती वाचवून.

पाचवी पायरी: धागा जोडून बघा

आता ध्येयापासून खालपर्यंत एक धागा ओढा. ध्येय: तासाभरात लॉटचा पत्ता. क्षमता: आवक, चाचणी, टॅगिंग, डिस्पॅच, तक्रार. माहिती: लॉट क्रमांक, शेतकरी क्रमांक, वाण, चाचणी निकाल, डीलर क्रमांक, बिल. सॉफ्टवेअर: आवक रजिस्टर, प्रयोगशाळेचं रजिस्टर, एक्सेल, टॅली. यंत्रं आणि नेटवर्क: काट्याजवळ कॉम्प्युटरच नाही, गोदामात वायफाय पोहोचत नाही.

हा तक्ता दोन्ही बाजूंनी वाचायचा. वरून खाली वाचताना जे ध्येय कुठेच पोहोचत नाही, ते अजून नुसतं बोलणं आहे. खालून वर वाचताना जो खर्च कोणत्याच ध्येयाला मिळत नाही, तो का चालू आहे हे विचारायचं. आयटी आणि धंद्याचा मेळ घालायचा म्हणजे दर तिमाहीला हे वाचन करायचं.

मार्केटिंगच्या मोबाइल ॲपचा निर्णय इथे होतो. डीलरला घरबसल्या साठा दिसावा, ही मागणी चुकीची नाही. पण ॲप साठा दाखवणार कुठला? एक्सेलमधला. एक्सेलमध्ये तो येतो आवक रजिस्टरवरून, आणि लॉट नंबर तर चार ठिकाणी चार पद्धतींनी लिहिला जातोय. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून पहिला पैसा काट्याजवळच्या कॉम्प्युटरला आणि बारकोड प्रिंटरला, ॲप त्यानंतर. हे मार्केटिंग प्रमुखांना सांगताना "नाही" म्हणू नका. तक्ता दाखवा आणि तुमचं ॲप कोणत्या महिन्यात, कशाच्या नंतर येतंय ते सांगा. नंबर लागलेला दिसला की माणूस वाट बघतो.

नवीन माणसाला मी एकच सवय लावून घ्यायला सांगेन: कुठलाही रिपोर्ट, डॅशबोर्ड, ॲप मागितलं गेलं की त्यातला आकडा पहिल्यांदा कोण, कुठे, कशावर लिहितं तिथपर्यंत जाऊन या.

सहावी पायरी: माहितीचा धनी ठरवा

चार याद्या सगळ्या कंपनीत एकच असल्या पाहिजेत: वाण, लॉट, शेतकरी, डीलर. प्रत्येक यादीचा एक धनी हवा, आणि तो आयटीतला नको. लॉटचा धनी कारखान्याचा प्रमुख, डीलरचा धनी विक्री विभाग. नवीन डीलर क्रमांक कोण देणार, एकाच दुकानाची दोन नावं सापडली तर कोण एकत्र करणार, लॉट फोडला किंवा मिसळला तर नवीन क्रमांकाचा जुन्याशी संबंध कोण लिहिणार, हे एका पानावर लिहून सही घ्या. आयटीचं काम ते नियम सॉफ्टवेअरमध्ये पाळले जातात की नाही हे पाहणं.

लॉट क्रमांकाची पद्धत ठरवताना कायद्याकडे आणि सरकारी पोर्टलकडे बघा. बियाणे कायदा १९६६ चा आहे आणि टॅगवर काय असावं याचे नियम ठरलेले आहेत. केंद्राने २०२३ मध्ये साथी नावाचं पोर्टल आणलं, ज्यात क्यूआर कोडवरून बियाण्याचा माग काढण्याची सोय आहे. आपली रचना अशा पोर्टलला माहिती देऊ शकेल अशी आधीच ठेवली तर हंगामाच्या तोंडावर धावपळ होत नाही. शेतकऱ्यांचे फोन नंबर, आधारच्या झेरॉक्स, बँक खाती कंपनीकडे असतात; वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही २०२३ मध्ये झाला आहे. ही कागदपत्रं व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असतील तर ते आजच थांबवा.

सातवी पायरी: थोडे नियम, पण पाळायचे

याला आर्किटेक्चरची तत्त्वं म्हणतात. वीस तत्त्वांची सुंदर फाइल कोणी उघडत नाही. आपल्या कंपनीला तीन पुरतील. एक माहिती एकदाच, जिथे घडते तिथेच नोंदवायची. वीज किंवा इंटरनेट गेलं तरी आवक आणि डिस्पॅच थांबता कामा नये. आणि कोणतंही सॉफ्टवेअर घेताना आपली माहिती पूर्ण बाहेर काढून घेता आली पाहिजे.

दुसरा नियम इथल्या परिस्थितीतून आला आहे. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटणं, वादळात वीज जाणं हे जूनच्या तोंडावरच होतं आणि तेव्हाच गोदामातून रोज ट्रक निघत असतात. व्हेंडर म्हणेल आमचं सगळं क्लाउडवर आहे. त्याला विचारा, नेट दोन तास गेलं तर माझा हमाल बॅग स्कॅन करू शकेल का, आणि नेट आल्यावर ती नोंद आपोआप वर जाईल का? डेमोच्या वेळी राउटर बंद करून दाखवायला सांगा. तिथे बरेच पर्याय गळतात आणि निर्णय सोपा होतो. तिसऱ्या नियमासाठी करारात ओळ घालून घ्या. तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

आठवी पायरी: वेळापत्रक हंगामावर बेता

टोगॅफमध्ये आजची स्थिती, उद्याची स्थिती, मधली तफावत आणि तिथे जाण्याचा मार्ग असा क्रम आहे. तो बरोबरच आहे. पण मार्ग आखताना कॅलेंडर जानेवारी-डिसेंबरचं नको, पिकाचं घ्या.

सोयाबीनचं कच्चं बियाणं ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून आत येतं. हिवाळ्यात प्रक्रिया आणि चाचण्या. एप्रिल-मे मध्ये डीलरकडे माल पोहोचवायचा. जून-जुलैमध्ये पेरणी आणि विक्री. ऑगस्टनंतर परतावा आणि वसुली. म्हणून मे ते जुलै या काळात चालू सॉफ्टवेअरमध्ये कोणताही बदल करायचा नाही, ही तारीख मालकांच्या सहीने लिहून ठेवा. त्या काळात फक्त बिघाड दुरुस्त होतील.

नवीन लॉट क्रमांक पद्धत आणि काट्याजवळची संगणकीय नोंद सोयाबीनच्या आवकेआधी, म्हणजे सप्टेंबरपर्यंत तयार हवी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हरभऱ्याच्या बियाण्याची डिस्पॅच असते. तिथे बारकोड स्कॅनिंग करून बघा. आपल्या कंपनीत हरभऱ्याचा व्याप सोयाबीनपेक्षा लहान आहे, चूक झाली तर सावरायला वेळ मिळतो. रब्बीत सापडलेल्या अडचणी हिवाळ्यात दुरुस्त करायच्या आणि एप्रिलमध्ये पूर्ण सोयाबीन नव्या पद्धतीवर न्यायचं. रब्बीची ही तालीम न करता थेट खरिपात उतरणारे प्रकल्प मी चांगले मानत नाही, मग व्हेंडर कितीही अनुभवी असो.

मार्गाचं पान साधं ठेवा: कोणत्या महिन्यात काय, त्याने कोणती लाल चौकट बदलते, किती खर्च, जबाबदार कोण. डीलरचं ॲप इथे पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये दिसेल, परताव्याची नोंद घेण्यापासून सुरू होणारं.

वाळूजच्या ऑटो पार्ट्सच्या व्हेंडरकडे हीच पद्धत वेगळ्या लयीत चालते. तिथे हंगाम नाही, मोठ्या ग्राहकाचं रोजचं शेड्यूल आहे. लाल चौकट बहुधा रिजेक्शन आणि डेबिट नोटची, म्हणजे नाकारलेल्या मालापायी कापल्या जाणाऱ्या पैशांची, असते आणि ज्या मागे चालायचं ती गोष्ट म्हणजे मालाची एक ट्रॉली. बदलासाठी शटडाऊनचे दिवस निवडावे लागतात. लातूरच्या डाळमिलमध्ये आवक, उतारा आणि प्रतवारी यांच्यावर सगळं फिरतं.

नववी पायरी: निर्णयाची बैठक

महिन्यातून एकदा, एक तास. मालक किंवा त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती, कारखाना, विक्री, अकाउंट्स आणि तुम्ही. नवीन मागण्या, चालू कामं आणि नियमाला अपवाद मागणाऱ्या गोष्टी, एवढाच विषय. प्रत्येक निर्णयाची अर्ध्या पानाची नोंद ठेवा: काय ठरलं, कोणते पर्याय होते, हाच का घेतला, पुन्हा कधी बघायचं. दोन वर्षांनी "हे असं का केलंय?" असं नवीन माणूस विचारेल तेव्हा ही नोंद कामी येते.

अपवाद येणारच. हंगामात विक्री विभागाला तातडीने वेगळी शीट लागली तर द्या, पण ती कधी बंद होणार याची तारीख घालून. बिनतारखेचा अपवाद पुढच्या वर्षी कायमचं सॉफ्टवेअर बनतो.

या बैठकीत मालक सलग दोनदा आले नाहीत तर काम थांबवून त्यांच्याशी बोला. मालकांचा हात पाठीवर नसेल तर आर्किटेक्चर म्हणजे आयटी विभागाचा चित्रकलेचा तास, असं बाकीचे समजतात, आणि मग त्यांचं मत बदलणं फार कठीण जातं.

मोजमाप

सर्व्हर किती टक्के चालू होता हे मालकांना सांगू नका. पहिल्या पायरीत लिहिलेलं वाक्य काढा आणि तपासा. मेच्या शेवटच्या आठवड्यात, तक्रारी यायच्या आधी, खोटी तक्रार टाकून बघा: डिस्पॅच झालेल्यांतला कोणताही एक टॅग उचला, घड्याळ लावा, आणि तक्रार सांभाळणाऱ्या व्यक्तीला माग काढू द्या. तुम्ही मदत करायची नाही. खरी तक्रार आली की तालुकास्तरीय समिती पंचनामा करते, शेतकरी बिल, टॅग आणि रिकामी बॅग दाखवतो. त्याच तीन गोष्टींपासून सराव सुरू करा. माग कुठे तुटतो ते लिहा. तिथे पुढचं काम आहे.

परतावा आणि उधारी यांचे आकडे ऑक्टोबरमध्ये स्पष्ट होतात. मागच्या वर्षीशी तुलना करताना पावसाचा फरक लक्षात घ्या. पाऊस लांबला त्या वर्षी परतावा वाढतोच, आणि त्याचं खापर किंवा श्रेय आयटीवर टाकणं योग्य नाही.

साधनं आणि पुढचा अभ्यास

पहिल्या वर्षी मोठा कागद, स्केचपेन आणि एक नीट ठेवलेली स्प्रेडशीट पुरते. आकृत्या कॉम्प्युटरवर काढायच्या झाल्या तर आर्ची हे मोफत, मुक्त स्रोत साधन आहे. ते आर्किमेट या ठरलेल्या खुणांच्या भाषेत चित्र काढू देतं. त्या खुणा स्वतःपुरत्या वापरा. मालकांसमोर चौकट, बाण आणि रंग एवढंच ठेवा, आणि शब्द मराठीच ठेवा: आवक, लॉट, परतावा.

टोगॅफचं प्रमाणपत्र घ्यायचं का, असं मुलं हमखास विचारतात. पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपनीत जायचं असेल तर उपयोग होतो. पण एक पूर्ण हंगाम, आवकेपासून परताव्यापर्यंत, एखाद्या कंपनीचा नकाशा स्वतः काढून झाल्यावर तो अभ्यास करा. मग पुस्तकातला प्रत्येक टप्पा कोणत्या अडचणीतून आला हे लगेच कळतं, आणि आपल्याला त्यातलं काय लागत नाही हेही.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असाल तर प्रोजेक्टसाठी आणखी एक हजेरीचं ॲप बनवण्याऐवजी गावातलं कृषी सेवा केंद्र, जिनिंग किंवा दूध संकलन केंद्र घ्या. एका मालाच्या मागे चाला, क्षमतांचा नकाशा काढा, माहिती कुठे कुठे दोनदा लिहिली जाते ते दाखवा आणि एकच सुधारणा करून द्या. मालकाची परवानगी आधी घ्या, आणि ग्राहकांची नावं, नंबर, उधारी प्रोजेक्टच्या अहवालात येऊ देऊ नका.